ब्लॉक धुतला तरी पुन्हा तुंबतो? घाण रेडिएटरमध्ये आहे

माझा कॉम्प्युटर पाण्याने थंड होतो: पंप पाणी फिरवतो, ते सीपीयूवर (मुख्य प्रोसेसरवर) बसवलेल्या वॉटर ब्लॉकमध्ये उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये ती हवेत सोडतं आणि परत येतं. या फेऱ्याला लूप म्हणतात. एकाच वर्षात मी हा ब्लॉक तीनदा उघडला. मार्चमध्ये, जुलैमध्ये आणि मग ओट्यावर दिवाळीच्या फराळाचे डबे असताना. तिन्ही वेळा आतल्या पात्यांमध्ये तोच मळकट पांढरा लगदा. तिन्ही वेळा टूथब्रशने घासून चकचकीत केला, तापमान पंधरा-सोळा अंशांनी उतरलं, आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा होतं तिथे. चौथ्यांदा स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तेव्हा आई म्हणाली, "अरे, गाळणीच किती वेळा धुशील? पातेल्यात काय आहे ते बघ की!"

पातेलं म्हणजे रेडिएटर. ब्लॉकमधल्या तांब्याच्या पात्यांमधली फट मिलिमीटरच्या काही दशांशांची असते. सगळ्या लूपमध्ये एवढी अरुंद जागा दुसरी नाही, त्यामुळे कुठेही सुटलेला कण शेवटी तिथे येऊन अडकतो. आपण तिथली घाण पाहतो आणि ती तिथेच तयार झाली असं धरून चालतो.

माझी जुळणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून पाहता येईल. नागपूर, १६ कोअरचा रायझन, डी५ पंप, मऊ पीव्हीसी नळ्या, एक नवा ३६० मिमीचा रेडिएटर आणि एक जुना २४० मिमीचा, ओळखीच्या मुलाकडून निम्म्या किमतीत घेतलेला. त्याच्याकडे त्यातून दुधासारखं पांढरं कूलंट (लूपमध्ये पाण्याऐवजी भरायचं तयार द्रव) फिरायचं. हे मला घेतानाच माहीत होतं आणि मी काणाडोळा केला. नव्या ३६० ला तर फक्त दोनदा नळाच्या पाण्याने खळबळून लावून टाकला होता. नव्यात काय असणार? पुष्कळ असतं, ते पुढे येईलच.

आधी खात्री करा की ब्लॉकच तुंबलाय

तीन तापमानं लागतात: खोलीचं, पाण्याचं आणि सीपीयूचं. पाण्याचा सेन्सर नसेल तर आधी तो बसवा, नाहीतर सगळं निदान अंदाजपंचे दाहोदरसे. अर्धा तास पूर्ण लोड द्या आणि मग आकडे लिहा. माझे असे आले: खोली ३१, पाणी ४१, सीपीयू ९३. सगळं नवं असताना याच लोडला सीपीयू ७६ ला असायचा, आणि खोली-पाणी फरक तेव्हाही १० च होता.

म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत जातेय, पण सीपीयूतली पाण्यात नीट उतरत नाहीये. सीपीयू आणि पाणी यांतला फरक ३५ वरून ५२ झाला होता. त्याच वेळी फ्लो मीटर ताशी २१० लिटरवरून १२० वर आलेला. हे दोन्ही एकत्र दिसलं तर ब्लॉक तुंबलाय. फ्लो जसाच्या तसा आहे आणि तरी सीपीयू तापतोय, तर सीपीयू आणि ब्लॉक यांच्यामधली थर्मल पेस्ट किंवा ब्लॉकचे स्क्रू बघा. आणि खोली-पाणी फरकच वाढला असेल तर पंखे आणि रेडिएटरच्या बाहेरची धूळ. आमच्याकडे उन्हाळाभर खोलीतल्या कूलरची दमट हवा असते, तिने धूळ रेडिएटरच्या धातूच्या पंखांमध्ये चिखलासारखी बसते. तो वेगळा आजार.

इथेच मी फसलो होतो. खोली-पाणी फरक ठीक, म्हणजे रेडिएटर निर्दोष, असा हिशेब मी तिन्ही वेळा केला. रेडिएटरच्या नळ्या ब्लॉकच्या फटींपेक्षा कितीतरी रुंद. आत थर बसलेला असला तरी तो उष्णता व्यवस्थित टाकतो. स्वतःला काही होत नाही, थोडी थोडी घाण मात्र पुढे पाठवत राहतो.

लगद्याची जात ओळखा

ब्लॉक उघडल्यावर लगेच नळाखाली धरू नका. आधी थोडा लगदा चमच्याने पांढऱ्या बशीत काढा आणि बोटांत चोळून बघा, कारण उपाय जातीप्रमाणे बदलतो.

खडूसारखा, कोरडा झाल्यावर भुकटी होणारा पांढरा किंवा रंगीत लगदा म्हणजे अपारदर्शक कूलंटमधला रंगकणांचा गाळ. हे कण पाण्यात विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात, आणि कूलंटचा तोल बिघडला की खाली बसतात. चिकट, मेणचट, बोटाला सोडत नाही असा लगदा म्हणजे बहुधा नळीतून निघालेला प्लॅस्टिसायझर. पीव्हीसी मुळात कडक असतं, ते मऊ राहावं म्हणून घातलेला पदार्थ उष्णतेने झिरपत बाहेर येतो. अशा वेळी नळीही पांढुरकी आणि कडक झालेली दिसते. बुळबुळीत आणि वास येणारं असेल तर शेवाळ किंवा जिवाणू. बशी तिरपी केल्यावर मोहरीहून बारीक चमकणारे गोळे घरंगळले तर ते सोल्डरचे.

आणि हिरवट-निळसर भुकटी? ती मराठी घरात ओळखून सांगायला नको. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तोच प्रकार. आम्ल, तांबं आणि वेळ.

माझ्या बशीत खडूचा गाळ सगळ्यात जास्त, थोडी हिरवी भुकटी आणि मोजून चार चमकते गोळे. गाळ जुन्या २४० चा. गोळे मात्र नव्याचे.

नव्या रेडिएटरमध्ये घाण येते कुठून

कस्टम, म्हणजे स्वतः जुळवलेल्या, लूपसाठीचे बहुतेक रेडिएटर तांब्याचे किंवा पितळेचे असतात: दोन टोकांना पेट्या, मध्ये चपट्या नळ्या, नळ्यांना तांब्याचे पातळ पंख, आणि हे सगळं सोल्डरने जोडलेलं. सोल्डर धरण्याआधी धातूवरचा ऑक्साइड जावा लागतो, त्यासाठी फ्लक्स लावतात. कल्हईवाला भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा आणि मगच कथील फिरवायचा, आठवतंय? तेच काम. फरक इतकाच की कल्हईवाला भांडं आतून पुसून द्यायचा, आणि रेडिएटरच्या आत कापसाचा बोळा जात नाही. उरलेला फ्लक्स, सोल्डरचे थेंब, कापकामाचा चुरा हे सगळं थोड्याफार प्रमाणात आतच राहतं. कारखान्यात धुतात, पण कमी-जास्त. फ्लक्स पाण्यात उतरला की कूलंटचा आम्लांक बदलतो, त्यातली गंजरोधक रसायनं खर्ची पडतात, रंग उडतो आणि हिरवी भुकटी सुरू होते.

आता कळीचा मुद्दा. रेडिएटरमधल्या नळ्या एकमेकींना समांतर असतात. एखादी नळी अर्धी तुंबली तर पाणी तिच्याशी भांडत बसत नाही, शेजारच्या मोकळ्या नळीतून निघून जातं. म्हणून नळाला पाइप जोडून अर्धा तास पाणी सोडलं तरी आधीच स्वच्छ असलेल्या नळ्या आणखी स्वच्छ होतात, आणि तुंबलेली तशीच राहते. रेडिएटर हलवावाच लागतो.

धुलाई

सुरुवातीलाच: रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर पुढचं सोडा-आम्लाचं काही करू नका, फक्त कोमट पाणी. आणि तो तांब्याच्या ब्लॉकसोबत एकाच लूपमध्ये असेल तर धुलाईने काही होणार नाही. पाण्यात हे दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजत राहतो आणि तो गाळ कायमचा चालू. तिथे रेडिएटर बदलणं हाच उपाय.

लूप रिकामा करून रेडिएटर काढा आणि सगळे फिटिंग काढून टाका. मोरीत किंवा गच्चीवर बसा. पहिली फेरी नुसत्या गरम पाण्याची: रेडिएटर अर्धाच भरा. पूर्ण भरला तर आतलं पाणी हलत नाही, अर्ध्या भरलेल्या बाटलीसारखं ते डचमळलं पाहिजे. दोन्ही भोकांना बुचं लावा आणि दोन मिनिटं सगळ्या बाजूंनी हलवा: लांबीत, रुंदीत, उलटा, तिरका. उकळतं पाणी बंद करून हलवू नका, आत वाफ कोंडते. हाताला सोसेल न सोसेल इतपत गरम पुरे. मग पांढऱ्या बादलीत ओता. पहिल्या ओतण्यात माझ्या २४० मधून जे आलं ते चुन्याची निवळी म्हणून खपलं असतं.

ओततानाही एक खुबी आहे. पाणी भोकांच्या बाजूच्या पेटीतून आत जातं, दुसऱ्या टोकाच्या पेटीत वळतं आणि परत येतं. जड कण त्या लांबच्या पेटीच्या कोपऱ्यात बसून राहतात. म्हणून रेडिएटर भोकं खाली करून उभा धरा, बाजूवर टिचक्या मारा, आणि एका वेळी एकाच भोकातून ओता. पुढच्या फेरीला दुसऱ्या. माझे सोल्डरचे गोळे चौथ्या-पाचव्या फेरीनंतर टिकटिक करत बाहेर आले. तोपर्यंत पाणी दिसायला अगदी स्वच्छ होतं.

दुसरी पायरी साबणाची. लिटरभर गरम पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब आणि तेवढंच हलवणं. मेणचट थर असेल तर ही पायरी आम्लाच्या आधीच हवी. तेलकट पितळी पातेल्याला चिंच लावली तर ती नुसती घसरते, तसंच हे. फेस मात्र फार होतो, तो जाईपर्यंत सात-आठ पाणी लागतं.

मग मी आम्ल वापरलं, पण फक्त हिरवी भुकटी दिसली होती म्हणून. तुमच्या बशीत ती नसेल आणि रेडिएटर जुना असेल तर ही पायरी सरळ गाळा. किराणा दुकानातलं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरभर कोमट पाण्यात साधारण २० ग्रॅम. वीस मिनिटं ठेवलं, मध्येमध्ये हलवलं, ओतून दिलं, आणि पुन्हा एकदा. पांढरं व्हिनेगर पाण्यात अर्धंअर्ध मिसळूनही चालतं. ओतलेलं पाणी फिकट निळं-हिरवं दिसलं तर घाबरू नका, ते विरघळलेलं तांबं आहे. पण म्हणूनच रात्रभर ठेवायचं नाही. काम झाल्यावर आम्ल ऑक्साइडपाशी थांबत नाही, आपलाच धातू खायला लागतं.

एक चूक मी केली ती सांगतो. आम्ल काढल्यावर ते मारायला खाण्याच्या सोड्याचं पाणी भरलं, सवयीने दोन्ही बुचं घट्ट केली आणि हलवायला लागलो. आत उरलेलं आम्ल आणि सोडा मिळून कार्बन डायऑक्साइड होतो. बूच सैल केल्याबरोबर सगळं पाणी फवाऱ्यासारखं तोंडावर. चष्मा होता म्हणून निभावलं. सोड्याच्या फेरीत एक भोक उघडं ठेवा, आणि आम्लाच्या फेरीत बूच लावलंच तर दर थोड्या वेळाने सैल करून वायू जाऊ द्या. हातमोजे आणि चष्मा घाला.

तयार रसायन हवं असेल तर मेहेम्स या कूलंटच्या कंपनीचं ब्लिट्झ किट याच कामासाठी आहे. त्याचा पहिला भाग फॉस्फोरिक आम्लाचा आणि फक्त रेडिएटरसाठी; तो ब्लॉक किंवा पंपातून फिरवायचा नाही. दुसरा भाग सगळ्या लूपमधून फिरवायचा. आपल्याकडे दर वेळी मिळतंच असं नाही, मला मिळालं नाही.

काय वापरू नये तेही विचारतात. टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक आम्ल नको, ते पितळेतलं जस्त खेचून घेतं. ब्लीच नको, आणि ब्लीच व आम्ल एकत्र तर मुळीच नको, विषारी क्लोरीन वायू निघतो. तांब्याची भांडी घासायची पावडर आत घालू नका. ती खरखरीत असते आणि आतून पूर्ण निघणार नाही. गाडीच्या रेडिएटरवाल्याकडे नेण्याचा मोह मलाही झाला होता. पण तिथली रसायनं आणि हवेचा दाब जाड कामासाठी असतात. आपल्या रेडिएटरच्या नळ्या इतक्या पातळ असतात की पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनेही फुगू शकतात.

कूलरच्या पंपाची करामत

हलवून झाल्यावर सुटलेले कण वाहून न्यायला प्रवाह लागतोच. लूपमधला डी५ त्या घाणीत घालायची इच्छा नव्हती. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) खोलीच्या कूलरचा बुडणारा छोटा पंप आणला आणि बादलीत सोडला. त्याची नळी रेडिएटरच्या एका भोकाला, दुसऱ्या भोकातली नळी परत बादलीत, आणि तिच्या तोंडावर जुन्या धोतराचा दुपदरी तुकडा रबरबँडने. अर्धा तास एका दिशेने, मग नळ्या बदलून अर्धा तास उलट दिशेने. कापडावर काय साठतंय ते मधूनमधून बघायचं. दिशा उलटल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जेवढं आलं तेवढं आधीच्या अर्ध्या तासात आलं नव्हतं. हा पंप २३० व्होल्टवर चालतो, तेव्हा बादलीत हात घालण्याआधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

स्वच्छ झाला हे कसं ठरवायचं

डोळ्यांना स्वच्छ दिसणं पुरेसं नाही, कारण विरघळलेला फ्लक्स दिसत नाही. घरात आरओ असेल तर टीडीएस मीटरही (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) कुठेतरी पडलेला असेल, तो शोधा. शेवटची दोन पाणी डिस्टिल्ड वॉटरची द्या, मग ताजं डिस्टिल्ड वॉटर भरून बुचं लावा आणि २४ तास ठेवा. दुसऱ्या दिवशी मोजा. माझ्या 'नव्या' ३६० चे आकडे असे: भरताना २ पीपीएम, पहिल्या दिवसानंतर ६८. पुन्हा कोमट धुलाई, पुन्हा २४ तास: ३१. मग ९. मग ४, आणि तिथे मी थांबलो. २४० त्यामानाने सज्जन निघाला, दुसऱ्याच दिवशी ७. त्याचा फ्लक्स आधीच्या मालकाच्या कूलंटने केव्हाच खाल्ला असणार.

बॅटरीच्या दुकानातून पाणी आणताना बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड लिहिलंय ना, हे वाचून घ्या. त्याच फळीवर ॲसिडही असतं. आणि घरी आल्यावर मोजा. मला एका दुकानातून आणलेल्या बाटलीत ४१ मिळाले होते. आरओचं पाणी शेवटच्या फेरीला चालत नाही, त्यात क्षार असतात. बोअरचं तर पहिल्या फेरीलाही टाळा. बंबाच्या नळीत बसणारा पांढरा थर ज्याने एकदा खरवडलाय त्याला कारण सांगावं लागणार नाही.

बसवण्याआधी गळती तपासा, कारण कधीकधी जुनी भुकटीच एखादं बारीक छिद्र बुजवून बसलेली असते आणि आपण ती काढलेली असते. दाबमापक असलेला छोटा हातपंप मिळतो. अर्धा बार हवा भरून अर्धा तास काटा हलला नाही तर ठीक.

बाकीचा लूप

रेडिएटर धुऊन जुन्या नळ्या पुन्हा लावल्या तर आंघोळ करून तेच कपडे घातल्यासारखं होईल. नळ्या मी टाकून दिल्या आणि ईपीडीएम रबराच्या काळ्या घेतल्या. दिसायला कूलरच्या पाइपसारख्या, पण त्यांच्यातून प्लॅस्टिसायझर निघायची भानगड नाही. ब्लॉक चौथ्यांदा उघडला. उघडताना भागांचे फोटो काढा, आतली पातळ पट्टी उलटी बसली तर तापमानाचं नवंच कोडं सुरू होतं. मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवा. निकेलचा मुलामा असेल तर लिंबूफूल, व्हिनेगर काहीही नको, साबणाचं पाणीच.

जुळणी झाल्यावर पहिले २४ तास नुसतं डिस्टिल्ड वॉटर फिरवा, कॉम्प्युटर चालू न करता. पीएसयूच्या (वीज देणाऱ्या डब्याच्या) पंपाशिवायच्या सगळ्या केबल काढून २४ पिनच्या कनेक्टरला जंपर प्लग लावला की मदरबोर्डला वीज न जाता फक्त पंप चालतो. पंप कोरडा फिरू देऊ नका, टाकी कायम भरलेली हवी. मग ते पाणी काढून कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा. माझ्या पेपरवर तीन-चार काळे ठिपके आले, बहुधा नव्या नळ्यांचे. पांढरं काही नाही. त्यानंतर पारदर्शक कूलंट भरलं. त्यात गंजरोधक आणि जंतुरोधक आधीच असतं, त्यामुळे वरून काही घालायचं नाही. मोरचूद घालावं का, असं एकाने विचारलं होतं. तांब्याचा हा क्षार शेवाळ मारतो हे खरं, पण घरी डोस अंदाजाने पडतो, आणि तयार कूलंटमध्ये आणखी एक रसायन सोडणं म्हणजे नवा गाळ आपणहून मागवणं.

आठ महिने झाले. फ्लो २०५ ते २१० च्या मध्ये आहे, सीपीयू-पाणी फरक ३६. मे महिन्यात खोली ३६ ला गेली तेव्हा आकडे सगळेच वर गेले, पण फरक हलला नाही. मी आता रोज तापमान बघत नाही, महिन्यातून एकदा फ्लो मीटर बघतो. तुमचा फ्लो धुलाईनंतर पहिल्या दोन आठवड्यांतच पडायला लागला तर ब्लॉकला हात लावण्याआधी रेडिएटरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाला जी १/४ चा (लूपच्या फिटिंगच्या नेहमीच्या आट्याचा) जाळीवाला फिल्टर जोडा आणि आठवडाभराने जाळी उघडून बघा. दोन रेडिएटर असतील तर प्रत्येकाला वेगळा लावा, म्हणजे कोणता अजून सोडतोय ते कळेल आणि दोन्ही पुन्हा उतरवावे लागणार नाहीत.